श्वासातलं अल्कोहोल मोजणाऱ्या मशीनसाठी संदर्भ द्रावण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर उजाडला की ब्रेथ ॲनालायझर घेऊन येणाऱ्यांची आमच्या लॅबमध्ये रीघ लागते. नाकाबंदीवरचं मशीन असो, विमानतळावर क्रूची चाचणी घेणारं असो किंवा गेटवर टँकरचालकाला फुंकायला लावणारं, कॅलिब्रेशनच्या (मशीनचा आकडा खऱ्या प्रमाणाशी ताडून जुळवण्याच्या) वेळचे प्रश्न तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहोत. आमचा रोजचा अनुभव सांगायचा तर रसायनात चुकणारे थोडे. घोळ होतो तो तापमानात, एककांत आणि कपाटात विसरलेल्या जुन्या बाटलीत.

संदर्भ द्रावण म्हणजे काय?

शुद्ध पाण्यात मोजून मिसळलेलं इथाइल अल्कोहोल. हे द्रावण सिम्युलेटर नावाच्या बंद भांड्यात ३४ अंश सेल्सिअसला ठेवतात आणि त्यातून हवा बुडबुड्यांनी सोडतात. बाहेर पडणाऱ्या ओलसर हवेत अल्कोहोलचं ठरावीक प्रमाण असतं. ती हवा मशीनला माणसाच्या श्वासाच्या जागी द्यायची. तोंडातून बाहेर पडणारा श्वास साधारण ३४ अंशांचा असतो, म्हणून तो आकडा.

कायद्याच्या मर्यादेला मशीन तपासायचं आहे. द्रावण किती ताकदीचं हवं?

लिटरला ०.३६७६ ग्रॅम. हा आकडा कुठून आला ते समजून घेतलं तर पुढे कुठल्याही पातळीचं द्रावण तुम्हालाच काढता येईल.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम अल्कोहोल. मशीन मात्र रक्त मोजत नाही, श्वास मोजतं. दोन्हींची सांगड घालण्यासाठी बहुतेक मशीन २१०० : १ हे गुणोत्तर धरतात, म्हणजे २१०० मिली श्वासात जितकं अल्कोहोल तितकं १ मिली रक्तात. त्या हिशोबाने ३० मिलीग्रॅमची मर्यादा श्वासात लिटरला ०.१४२९ मिलीग्रॅम होते.

आता उलट जायचं. अमेरिकन विषशास्त्रज्ञ कर्ट डुबोवस्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार ३४ अंशांना द्रावणावरच्या हवेतलं अल्कोहोल हे द्रावणातल्या अल्कोहोलच्या ०.३८८६६ हजारांश असतं. ओआयएमएल या कायदेशीर मापनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आर १२६ या शिफारशीतही हेच सूत्र आहे. म्हणजे श्वासातला मिलीग्रॅम प्रति लिटर आकडा घ्या, २.५७३ ने गुणा, की द्रावणाचे ग्रॅम प्रति लिटर मिळतात. ०.१४२९ ला ०.३६७६. श्वासातल्या ०.२५ ला ०.६४३. ०.४० ला १.०२९.

एकाच पातळीवर तपासून मशीन चांगलं म्हणू नका. शून्य, मर्यादेजवळ आणि मर्यादेच्या बऱ्यापैकी वर, अशा किमान तीन जागी पाहा. मर्यादेला बरोबर दाखवणारं मशीन वरच्या पातळीला ढेपाळलेलं आम्ही पाहिलं आहे.

आमच्या जुन्या पुस्तिकेत लिटरला १.२१ ग्रॅम लिहिलंय, नव्या सर्टिफिकेटवर १.२२५. खरं कुठलं?

दोन्ही द्रावणं श्वासातल्या एकाच पातळीसाठी आहेत, २१० लिटरला ०.१० ग्रॅम. १.२१ हा आकडा हार्गर आणि सहकाऱ्यांच्या १९५० च्या मोजमापावरून आला, १.२२५ डुबोवस्कींच्या सूत्रावरून. फरक सव्वा टक्क्याचा. आम्ही नवं सूत्र वापरतो. तुम्ही कुठलंही वापरा, पण रेकॉर्डमध्ये नोंद करा आणि दोन्हींची सरमिसळ करू नका.

अल्कोहोल कुठलं घ्यायचं? परवाना लागतो का?

ॲब्सोल्यूट अल्कोहोल, बाटलीवर ९९.९ टक्के लिहिलेलं. महाराष्ट्रात इथाइल अल्कोहोल बाळगणं आणि वापरणं दारूबंदी कायद्याखाली येतं, त्यामुळे लॅबच्या वापरालाही राज्य उत्पादन शुल्क खात्याची परवानगी आणि साठ्याची नोंदवही लागते. काचसामान मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर फेरफटका मारला की मिळून जाईल, अल्कोहोलचं तसं नाही. परवानगीच्या भानगडीत पडायचं नसेल तर तयार, प्रमाणित द्रावणाच्या बाटल्या घ्या. वर्षाला दोन-चार मशीन असणाऱ्यांना आमचा सल्ला तोच आहे.

बाटलीवरची टक्केवारी आकारमानाची आहे की वजनाची, ते बघा. ९९.९ ला फारसा फरक पडत नाही. पण रेक्टिफाइड स्पिरिट वापरलंत तर आकारमानाने ९५ टक्के म्हणजे वजनाने जेमतेम ९२.४ टक्के. इथे गफलत झाली तर द्रावण सुरुवातीलाच पावणेतीन टक्क्यांनी हुकलं.

डिनेचर्ड स्पिरिट किंवा सर्जिकल स्पिरिट अजिबात नको. त्यात मिथेनॉलसारखे पदार्थ मिसळलेले असू शकतात आणि मशीनमधलं फ्युएल सेलचं (अल्कोहोलपासून वीज निर्माण करून ती मोजणारं) सेन्सर मिथेनॉललाही दाद देतं.

व्हिस्की पातळ करून चालेल का?

दर वर्षी कुणीतरी विचारतंच, आणि निम्म्या वेळा गंभीरपणे. लेबलवर ४२.८ टक्के असतं, त्या हिशोबाने लिटरभर पाण्यात १.०९ मिली व्हिस्की घातली की कागदावर गणित जमतं. पण लेबलवरचा आकडा हा संदर्भ नव्हे, वर रंग आणि इतर घटक आहेतच. शिवाय त्या बाटलीची नोंद साठ्याच्या वहीत कशी करणार?

प्रत्यक्ष कृती सांगाल का?

दोन टप्प्यांत करा : आधी घट्ट स्टॉक, मग त्यातून पातळ द्रावण. लिटरभर पाण्यासाठी ०.३६७६ ग्रॅम अल्कोहोल थेट मोजायला गेलात तर तराजूची छोटीशी चूकही मोठी होते.

स्टॉकसाठी १०० मिलीचा ए-क्लास (जास्त अचूक मापाचा) फ्लास्क घ्या. त्यात निम्म्याहून थोडं जास्त पाणी आधी भरा, बूच लावा आणि मिलीग्रॅम दाखवणाऱ्या तराजूवर ठेवून शून्य करा. आता सिरिंजला लांब सुई लावून अल्कोहोल पाण्याच्या पृष्ठभागाखाली सोडा, आणि लगेच बूच. लागणारं शुद्ध अल्कोहोल ३.६७६ ग्रॅम. बाटली वजनाने ९९.५ टक्क्यांची असेल तर ३.६९४ ग्रॅम घ्यावं लागेल. नेमकं तेवढंच पडलं पाहिजे असा हट्ट नको. ३.७०२ पडलं तर ३.७०२ लिहा आणि ताकद त्यावरून काढा. थेंब काढून आकडा जुळवत बसणाऱ्याचं अल्कोहोल तेवढ्या वेळात उडून जातं.

पाणी आधी का, हे एकदा करून बघा. कोरड्या बीकरमध्ये अल्कोहोल घेऊन तराजूवर ठेवा. शेवटचा आकडा थांबतच नाही, एकेक मिलीग्रॅमने खाली उतरत राहतो. डोक्यावर पंखा असेल तर विचारूच नका. पाण्याखाली सोडलेलं अल्कोहोल तिथेच राहतं आणि आकडा स्थिर होतो.

मिसळताना फ्लास्क हाताला कोमट लागेल. अल्कोहोल पाण्यात विरघळताना उष्णता सोडतं. लगेच खुणेपर्यंत भरू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग पाणी घालून मेनिस्कसचा (पाण्याच्या वक्र पृष्ठभागाचा) तळ खुणेला टेकवा. आणि खुणेपर्यंत भरायचं म्हणजे भरायचंच. 'इतके मिली अल्कोहोल अधिक इतके मिली पाणी' हा हिशोब इथे चालत नाही, कारण दोन्ही मिसळली की आकारमान आक्रसतं. ५० आणि ५० मिली मिळून १०० होत नाही, ९६-९७ च्या आसपास भरतं.

झाला स्टॉक, लिटरला ३६.७६ ग्रॅमचा. त्यातला १० मिली ए-क्लास पिपेटने एक लिटरच्या फ्लास्कमध्ये घ्या आणि खुणेपर्यंत पाणी भरा. द्रावण तयार. पिपेटची चूक ०.०२ मिली आणि फ्लास्कची ०.४ मिली धरली तरी काचेकडून येणारा फरक पाव टक्क्याच्या आतच राहतो.

फ्लास्कवर छापलेलं तापमान वाचायची सवय लावा. आपल्याकडच्या काही काचसामानावर २७ अंश असतं, काहींवर २०. दोन तापमानांत पाण्याच्या आकारमानात ०.१७ टक्के फरक पडतो. फार नाही, पण सर्टिफिकेटवर अनिश्चितता लिहायची वेळ आली की तोही मोजावा लागतो.

वजन न करता अल्कोहोल पिपेटने मोजलं तर?

मोजता येतं, पण मुंबईत धोका जास्त. पुस्तकातली घनता, मिलीला ०.७८९३ ग्रॅम, ही २० अंशांची आहे. शुद्ध अल्कोहोल पाण्यापेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे खोली ३० अंशांवर असेल तर तेवढ्याच मिलीत सुमारे एक टक्का कमी अल्कोहोल येतं. एसी सुरू होऊन अर्धा तासही झालेला नसतो आणि लोक २० अंशांची घनता लावून मोकळे होतात. वजनाला तापमानाची ही भानगड नाही.

पाणी बिस्लेरीचं चालेल का?

नको. डिस्टिल्ड किंवा डीआयनाइज्ड. क्षार असले की अल्कोहोल पाण्यातून जास्त बाहेर ढकललं जातं आणि वाफेतलं प्रमाण वाढतं.

सिम्युलेटर ३४ ऐवजी ३३.८ दाखवतोय. एवढ्याने काय होतं?

सव्वा टक्क्याहून थोडी जास्त चूक होते. एका अंशाला वाफेतलं अल्कोहोल ६.८ टक्क्यांनी बदलतं. द्रावण करताना तुम्ही मिलीग्रॅमवर जीव टाकलात आणि सिम्युलेटरचं थर्मामीटर वर्षानुवर्षं तपासलंच नाही, तर सगळी मेहनत पाण्यात. आमच्याकडे 'सोल्यूशन खराब आहे' म्हणून परत आलेल्या बाटल्यांत बहुतेकदा दोष सिम्युलेटरच्या तापमानाचा निघतो.

सिम्युलेटरवरचा डिजिटल आकडा म्हणजे द्रावणाचं तापमान असं गृहीत धरू नका. वेगळा कॅलिब्रेट केलेला प्रोब द्रावणात बुडवून पाहा. फ्रिजमधली बाटली ओतली असेल तर स्थिर व्हायला पुरेसा वेळ द्या. ढवळणारा पंखा फिरतोय ना, तेही बघा. तो अडकला की प्रोबपाशी ३४ आणि पृष्ठभागावर काहीतरी भलतंच असतं.

आणखी एक गोष्ट, खास एसी खोलीतली. सिम्युलेटरपासून मशीनपर्यंतची नळी लांब असली आणि त्यावर एसीचा गार झोत येत असला, तर नळीच्या आत बारीक थेंब जमतात. त्या थेंबांत अल्कोहोल विरघळतं आणि मशीनपर्यंत कमी पोहोचतं. आकडा कमी आला की लोक मशीन ॲडजस्ट करून टाकतात. असं मशीन मग खऱ्या माणसाला जास्त दाखवतं. नळी शक्य तितकी आखूड ठेवा, टेबल एसीखालून हलवा, आणि शंका आली तर नळी उजेडात धरून बघा.

एकदा भरलेलं द्रावण किती वेळा वापरता येतं?

हिशोब सोपा आहे. सिम्युलेटरमध्ये ५०० मिली द्रावण असेल तर त्यातून गेलेला दर एक लिटर हवा सुमारे ०.०७८ टक्के अल्कोहोल घेऊन जाते. म्हणजे १३ लिटर हवेनंतर ताकद एक टक्क्याने उतरलेली असते. एका फुंकरीला दीड लिटर धरलं तर आठ-नऊ फुंकरींतच. मशीनमधली हवा परत सिम्युलेटरमध्ये फिरवणारी जोडणी असेल तर जास्त वेळा टिकतं. किंवा एकाच द्रावणाचे दोन सिम्युलेटर एकामागोमाग जोडा. पहिला झिजतो, दुसऱ्याची ताकद बरीच टिकून राहते.

'पाणी स्वच्छ दिसतंय की अजून' हा निकष नाही. अल्कोहोल गेलेलं पाणीही तितकंच स्वच्छ दिसतं.

पंप नाही. तोंडाने फुंकलं तर चालेल ना?

नियमित तपासणीला लोक फुंकतात. पण कॅलिब्रेशनला पंप वापरा. माणसाच्या फुंकरीचा जोर सारखा नसतो, आणि तंत्रज्ञाने आदल्या रात्री घेतली असेल तर तीही हवेत मिसळते. हे आम्ही हसत सांगतो, पण सोमवारी सकाळी आधी तंत्रज्ञाचीच शून्य चाचणी घेतो.

तयार द्रावणाची ताकद बरोबर आहे हे कसं ठरवायचं?

ज्या मशीनचं कॅलिब्रेशन करायचं आहे त्याच्यावर तपासून तर नक्कीच नाही. असा उलटा कारभार चालतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

सोय असेल तर हेडस्पेस गॅस क्रोमॅटोग्राफी (द्रावणावरच्या वाफेतले घटक वेगळे करून मोजणं), एन-प्रोपेनॉल अंतर्गत प्रमाण, म्हणजे तुलनेसाठी मोजून मिसळलेला पदार्थ, म्हणून वापरून. नसेल तर जुनं खात्रीचं डायक्रोमेट टायट्रेशन. अम्लात पोटॅशियम डायक्रोमेट अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतं आणि नारिंगी रंग हिरव्याकडे झुकतो. डायक्रोमेट मुद्दाम जास्त घालायचं, बूच लावून प्रक्रिया पुरी होऊ द्यायची आणि उरलेलं फेरस अमोनियम सल्फेटने मोजायचं. ०.१ नॉर्मल ताकदीच्या डायक्रोमेटचा १ मिली म्हणजे १.१५२ मिलीग्रॅम अल्कोहोल. आपल्या ०.३६७६ च्या द्रावणाचे १० मिली घेतले तर ३.१९ मिली डायक्रोमेट खर्च व्हायला हवं. हा आकडा लहान असल्याने ब्युरेट वाचण्यातली चूक जड जाते, म्हणून डायक्रोमेट आणखी पातळ वापरा किंवा नमुना जास्त घ्या. सोबत कोरं पाणी घेऊन ब्लँक (अल्कोहोलविना तीच चाचणी) कराच.

या पद्धतीची खुबी अशी की डायक्रोमेट शुद्ध स्वरूपात मिळतं, वाळवून थेट वजन करता येतं. म्हणजे तपासणी तुमच्या अल्कोहोलच्या बाटलीवर अवलंबून राहत नाही.

बाटली किती दिवस ठेवता येते?

न उघडलेली, गळ्यापर्यंत भरलेली, काचेची, फ्रिजमध्ये : काही महिने. प्रमाणित बाटली असेल तर छापलेली तारीख पाळा. उघडलेली अर्धी बाटली मात्र संशयित समजा. वरच्या रिकाम्या जागेत अल्कोहोल वाफ होऊन साठतं आणि दर वेळी झाकण उघडलं की निघून जातं. इतकं पातळ अल्कोहोल जंतूंना मारत नाही, उलट ते त्यावर जगतात. मेमध्ये टेबलावर राहिलेल्या बाटलीच्या तळाशी कापसासारखा तंतू तरंगताना दिसला तर सरळ ओतून द्या.

फ्रिजमधून काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, आणि उघडण्यापूर्वी उलटीपालटी करून हलवा. झाकणाला आतून चिकटलेल्या थेंबांतही अल्कोहोल असतं.

ॲब्सोल्यूट अल्कोहोलच्या मूळ बाटलीचंही पावसाळ्यात जपा. ते हवेतली ओल ओढतं. मोठी बाटली रोज उघडण्यापेक्षा लहान बाटल्या घ्या.

मुंबईत ३० ला जुळवलेलं मशीन पुण्याच्या डेपोत कमी दाखवतंय. मशीन बिघडलं?

आधी विचारा, पुण्यात कशाने तपासलं? कोरड्या गॅसच्या सिलिंडरने तपासलं असेल तर मशीन बहुधा ठीक आहे. सिलिंडरमधली नायट्रोजन-अल्कोहोलची हवा बाहेर आली की तिथल्या वातावरणाच्या दाबाला येते. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, तिथे दाब मुंबईपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी कमी. म्हणून दर लिटरमधलं अल्कोहोलही तेवढंच कमी. काही मशीन दाब मोजून स्वतःच दुरुस्ती करतात, काहींत तुम्हाला हिशोब करावा लागतो. पाण्याच्या द्रावणाला हा त्रास नाही. वाफेतलं प्रमाण द्रावणाच्या ताकदीवर आणि तापमानावर ठरतं, दाबावर नाही. सिलिंडर सोयीचा आहे, तापवायची कटकट नाही, फिरतीवर उत्तम. पण घाटाखाली आणि घाटावर एकच आकडा धरू नका.

द्रावण ३० चं, मशीन ३३ दाखवतंय. तुमची बाटली चुकली?

असा ठाम फोन एका वाहतूक कंपनीकडून आला होता. बाटली परत मागवून तपासली, बरोबर होती. मशीनच्या सेटिंगमध्ये गुणोत्तर २३०० : १ निवडलेलं निघालं. ब्रिटनमध्ये ते वापरतात, आयात केलेल्या काही मशीनमध्ये तो पर्याय असतो. ०.१४२९ ला २३०० ने गुणलं की रक्तातले ३२.९ येतात, आणि मशीन प्रामाणिकपणे ३३ दाखवतं. कॅलिब्रेशन शक्यतो श्वासाच्या एककात, मिलीग्रॅम प्रति लिटरमध्ये करा. तिथे गुणोत्तर आडवं येत नाही.

आकडा चुकीचा आला की लगेच ॲडजस्ट करायचं ना?

नाही. आधी आलेला आकडा जसाच्या तसा लिहा. मग तापमान, नळी आणि द्रावण तपासा, ताजं द्रावण भरून पुन्हा घ्या. तरीही तेच आलं तर ॲडजस्ट करा, आणि नंतरचा आकडाही लिहा. 'आल्यावर काय दाखवत होतं' ही नोंद महत्त्वाची आहे. गेल्या कॅलिब्रेशनपासून मशीनने ज्यांना दोषी ठरवलं किंवा सोडलं, त्यांच्याबद्दल काही सांगू शकणारा तेवढाच कागद असतो. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, त्यामुळे वकील हा कागद मागणारच.

तपासणीच्या खोलीत सॅनिटायझर ठेवला तर?

ठेवू नका. हाताला चोळलेला सॅनिटायझर मिनिटभर हवेत अल्कोहोल सोडत राहतो आणि शून्य चाचणीत आकडा येतो. फरशी पुसायचं स्पिरिट, परफ्यूम, व्हाइटबोर्ड पुसायचं द्रव, सगळंच बाहेर.

घरचं द्रावण वापरून सर्टिफिकेट देता येईल का?

अंतर्गत तपासणीसाठी खुशाल वापरा. सर्टिफिकेट द्यायचं तर आयएसओ १७०२५ या लॅबसाठीच्या मानकाप्रमाणे एनएबीएलची (देशातल्या लॅबना मान्यता देणाऱ्या मंडळाची) मान्यता असलेली लॅब आणि द्रावणाच्या ताकदीची राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मानकापर्यंत पोहोचणारी साखळी लागते. आयएसओ १७०३४ या संदर्भ पदार्थांच्या उत्पादकांसाठीच्या मानकाप्रमाणे मान्यता असलेल्या उत्पादकाचं द्रावण घेतलं की ही साखळी बाटलीसोबतच येते. ते महाग वाटतं खरं, पण तराजू, फ्लास्क, थर्मामीटर आणि टायट्रेशन या सगळ्यांची कागदपत्रं स्वतः सांभाळायची म्हटलं तर त्याहून स्वस्त पडत नाही.

उरलेलं द्रावण कुठे टाकायचं?

पातळ द्रावण भरपूर पाण्याबरोबर बेसिनमध्ये. ॲब्सोल्यूट अल्कोहोल मात्र नाही. त्याची वाफ साधारण १३ अंशांपासूनच पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्या खोलीत ते कायम पेटाऊ असतं. त्याचा शिल्लक साठा उत्पादन शुल्काच्या नोंदीप्रमाणे हिशोबात दाखवावा लागतो. टायट्रेशनमधलं डायक्रोमेट तर थेंबभरही नाल्यात नको. त्यातला क्रोमियम कर्करोगकारक आहे. वेगळ्या बरणीत साठवा, लेबल लावा आणि तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडे जाणाऱ्या खेपेत द्या.